मुलगा बाईंना उलट बोलला, आता नमतं कुणी घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका आईचा मुलगा आठवीत आहे, वय तेरा. गणिताचा गृहपाठ अपुरा होता म्हणून बाई वर्गासमोर म्हणाल्या, "घरी कुणी बघणारं आहे की नाही?" मुलाने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "तुम्ही तरी वह्या वेळेवर कुठे तपासता?" बाईंनी त्याला दोन तासिका वर्गाबाहेर उभं केलं आणि डायरीत शेरा लिहिला. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत पाळीने कामाला जातात. शेरा वाचून त्यांनी मुलाला मारलं. आईने त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंविरुद्ध लांबलचक मेसेज टाकला आणि बऱ्याच पालकांनी त्यात भर घातली. आता बाई मुलाशी कामापुरतंही बोलत नाहीत. मुलगा घरी आईशी त्याच सुरात बोलतो. वडील म्हणतात, आम्ही मार खाऊनच शिकलो, आणखी बिघडला तर लष्करी शाळेत घालतो. सासूबाई म्हणतात, माझ्या नातवाला कुणी काही बोलायचं नाही. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: मुलाला वळण कसं लावायचं, माफी कुणी मागायची, आणि शाळा बदलावी का?

मी नाशिकमध्येच माध्यमिक शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि आता शाळांमध्ये मुलं, पालक आणि शिक्षक यांच्यासाठी समुपदेशन करते. असे प्रसंग माझ्यासमोर नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, सगळ्यात आधी ग्रुपवरच्या त्या मेसेजचं बघा. तो पुसता येत नसेल तर त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा: "त्या रात्री मी रागाच्या भरात लिहिलं. हा विषय मी बाईंशी प्रत्यक्ष बोलणार आहे, इथे यावर चर्चा नको." एवढंच लिहा, खुलासे देत बसू नका. तुमचा मेसेज मुलाने वाचला आहे हे धरून चाला. त्याच्या वर्गातल्या मुलांनीही आईबाबांच्या फोनवर तो वाचला असणार.

हे पहिलं सांगण्याचं कारण आहे. बाईंनी चारचौघांत तुमच्या घराबद्दल बोलून दाखवलं. मुलाने चारचौघांत बाईंना बोलून दाखवलं. तुम्ही चारचौघांत पुन्हा बाईंना बोललात. एकच गोष्ट तिघांनी केली आणि शिक्षा फक्त मुलाला झाली. तेरा वर्षांचं मूल हा हिशेब मोठ्यांपेक्षा लवकर करतं. "मोठ्यांशी नीट बोल" असं आपण त्याला सांगतो, पण मोठी माणसं एकमेकांशी कशी बोलतात हेच ते पाहत असतं. म्हणून माझं म्हणणं असं की मुलाला वळण लावण्याचं काम तुम्ही आणि बाई यांच्यापासून सुरू होतं. भांडण चारचौघांतून उचलून एका खोलीत आणायचं, तिथे ते सोडवायचं, आणि ते सोडवलेलं मुलाला दिसू द्यायचं.

आता त्याच्या वाक्याकडे वळू. वह्या वेळेवर तपासल्या जात नाहीत हे खरं असेल तर ते खरंच आहे. ते कुठे आणि कोणत्या सुरात बोललं, हे चुकलं. दोन्ही गोष्टी त्याला एकदमच सांगायला हव्यात. आपल्याकडे बहुतेकदा यातली एकच सांगितली जाते. वडील म्हणतात, "बाईंना उलट बोलतोस?" आणि त्याचा मुद्दा ऐकतच नाहीत. आई म्हणते, "बरोबरच बोलला," आणि सूर सोडून देते. पहिल्यात मूल शिकतं की खरं बोललं की मार बसतो. दुसऱ्यात ते शिकतं की मुद्दा बरोबर असला की कसंही बोललं तरी चालतं. त्याला म्हणा, "वह्यांचं तुझं म्हणणं मी बाईंना विचारणार आहे. पण वर्गात सगळ्यांसमोर ते ज्या पद्धतीने बोललास ते मला पटलेलं नाही." मग नीट कसं बोलायचं तेही शिकवा, कारण हे कुणाला आपोआप येत नाही. तास संपल्यावर शिक्षकखोलीच्या दाराशी जायचं, "बाई, एक विचारू का?" म्हणायचं, आणि मग, "माझी मागची वही अजून मिळाली नाही, त्यामुळे काय चुकलं ते कळत नाही." घरात दोन-तीनदा म्हणवून घ्या. मुलं सुरुवातीला लाजतात, हसतात. तरी म्हणवून घ्या.

त्याच्या बाबांसाठी थोडं वेगळं लिहिते, त्यांना हे वाचायला द्या. दादा, "आम्ही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?" हा प्रश्न मी अनेक बापांकडून ऐकते आणि तो मनापासून विचारलेला असतो. पण ज्यांचं मारामुळे वाईट झालं, जे पाचवी-सातवीत शाळा सोडून गेले, ते पालकसभेत हा मुद्दा मांडायला येत नाहीत. अभ्यास काय सांगतात तेही पाहा. अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १ लाख ६० हजारांहून अधिक मुलं होती. त्यांनी जबर मारहाणीचे प्रकार बाजूला ठेवून फक्त चापट मारण्याचा परिणाम पाहिला. मार खाणारी मुलं अधिक आक्रमक दिसली, आईवडिलांशी त्यांचं नातं अधिक ताणलेलं दिसलं, आणि नियम मनापासून पाळण्याची वृत्ती त्यांच्यात कमी दिसली. यावरून एकेका मुलाचं भविष्य सांगता येत नाही, पण ज्यासाठी आपण मारतो ते मारून साधत नाही, हे मात्र दिसतं.

हे सगळं बाहेरून आलेलं आहे, आपल्या मातीतलं नाही, असंही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला बालमंदिरात शिक्षा आणि बक्षीस दोन्ही बाजूला ठेवून मुलांबरोबर काम केलं. ताराबाई पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी तेच केलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः झाडू हातात घेत. मुलं ओशाळून आपली खोली आपण आवरू लागत. या माणसांना मुलं मानत नव्हती असं कोण म्हणेल?

लष्करी शाळेबद्दल दोन वाक्यं. नाशिकमध्ये १९३७ पासून भोसला मिलिटरी स्कूल आहे, त्यामुळे ही धमकी आपल्या घरांत जरा जास्तच तोंडावर असते. ज्या मुलाला तसं आयुष्य आवडतं त्याने तिथे जरूर जावं, पण घरच्या भांडणाची शिक्षा म्हणून कुठल्याही शाळेचं नाव घेऊ नका. त्या शाळेचाही त्यात अपमान आहे.

कायदा काय म्हणतो हे पालकांना आणि शिक्षकांनाही अर्धवट माहीत असतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. मानसिक छळ म्हणजे काय, याची उदाहरणं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत आहेत: टोमणे मारणं, नावं ठेवणं, जातीवरून किंवा आईवडिलांच्या कामधंद्यावरून बोलणं. गुडघ्यावर बसवणं आणि डोक्यावर दप्तर घेऊन उभं करणं हे शारीरिक शिक्षेत येतं. "घरी कुणी बघणारं आहे की नाही" हे वाक्य टोमण्याच्या जवळ जातं. दोन तासिका बाहेर उभं केल्याने मुलाचं शिकणं बुडालं आणि गृहपाठ तसाच अपुरा राहिला.

म्हणून कायदा घेऊन बाईंवर चालून जा, असं मी सांगत नाही. त्यांची बाजूही समजून घ्या. याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असं प्रमाण दिलेलं आहे. शहरातल्या चालणाऱ्या शाळांच्या तुकड्या त्यापेक्षा कितीतरी भरलेल्या असतात. गणिताच्या बाईंकडे ६० मुलांच्या तीन तुकड्या असतील तर एका गृहपाठाच्या १८० वह्या झाल्या. एका वहीला तीन मिनिटं धरा, नऊ तास होतात. त्यात जनगणना आणि निवडणुकीची कामं, जी कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात. दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या, घसा बसलेल्या बाईंना चाळीस-पन्नास मुलांसमोर "तुम्ही वह्या तपासत नाही" ऐकावं लागलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मुलाशी बोला. शिक्षा न करता वर्ग सांभाळायचा हे आपण शिक्षकांना सांगितलं, पण कसा सांभाळायचा याचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना दिलं नाही. "आमचे हात बांधले" असं शिक्षक म्हणतात त्यामागे ही अडचण खरी आहे, आणि पालक म्हणून आपण ती मान्य केली पाहिजे.

आता भेट. यावर मी सगळ्यात जास्त भर देते. शाळा सुटताना फाटकाशी गाठायचं नाही, तिथे पुन्हा चारचौघं असतात. डायरीत लिहा किंवा फोन करा: "बाई, आम्हा दोघांना तुमची वीस मिनिटं हवी आहेत, कोणता दिवस सोयीचा आहे?" दोघांनी जाणं फार महत्त्वाचं आहे. बाबांची पाळी बघून दिवस ठरवा, पण आईला एकटीला पाठवू नका. एकट्या आईला शाळेत पुष्कळदा आरोपीसारखं बसावं लागतं, आणि घरी आल्यावर तिनेच सगळ्यांना निरोप सांगायचा.

पहिलं वाक्य तुमचं असू द्या: "ग्रुपवर लिहिलं ते मी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. त्याबद्दल माफ करा." त्यानंतर लगेच तक्रार करू नका. विचारा: "वर्गात तो कसा असतो? कुणाजवळ बसतो? गणितात नेमकं कुठे अडतो?" मग ऐका. बहुतेक शिक्षकांकडे मुलाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. बाई मोकळ्या झाल्या की तुमचं सांगा, स्पष्ट सांगा: "घरी कुणी बघणारं आहे की नाही, हे मला लागलं. आम्ही दोघं कामाला जातो, पण आमचं लक्ष आहे. यापुढे काही असेल तर मला थेट फोन करा, मुलासमोर नको." (तुम्ही नोकरी करत नसाल तर वाक्य तसं बदला, मुद्दा तोच.) बाई माफी मागतील की नाही हे आधीच मनाशी ठरवून जाऊ नका. काही शिक्षक शब्दांत मागत नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मुलाला नावाने हाक मारू लागतात. ते पुरेसं आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत मुलाला आत बोलवा. आत येण्याआधी त्याला माहीत असावं की आपण काय बोलायचं आहे, आणि वाक्य त्याचंच असावं. "सॉरी बोल" असं म्हणून त्याच्या पाठीत बोट खुपसू नका, तसल्या माफीचा बाईंनाही उपयोग नसतो. तो म्हणाला की "मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं," तर तिथे थांबा. वर्गासमोरही एक वाक्य बोलायचं का, हे त्याला आणि बाईंना ठरवू द्या. माझं मत विचाराल तर वर्गासमोर झालेलं वर्गासमोरच मिटावं, पण ते दोन्ही बाजूंनी मिटावं, आणि त्याला उभं करून म्हणवून घेतलेलं तर अजिबात नसावं.

राहिलेला गृहपाठ त्याने पूर्ण करायचा, ही त्याची खरी जबाबदारी. कधीपर्यंत ते त्यानेच बाईंना सांगावं. वही कधी परत मिळेल ते बाईंनी सांगावं. पंधरा दिवसांनी फोनवर दोन मिनिटं बोलून घ्या. आणि एक गोष्ट तपासायची राहू नये: गृहपाठ अपुरा का राहतो? फळ्यावरचं दिसतं का? डोळे तपासलेत का? अपूर्णांक सहावीपासूनच कच्चे आहेत का? ज्याला येत नाही ते मूल "मला येत नाही" म्हणण्यापेक्षा उद्धटपणा पत्करतं, कारण उद्धट मुलाला वर्गात थोडा तरी मान मिळतो. इथे जरा बाजूला जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत पहिलीपासून घर सोडून राहणारी मुलं असतात. बाईंनी विचारलं की गप्प उभं राहणाऱ्या मुलाला तिथे "निगरगट्ट" म्हणतात, आणि खरं तर त्याच्या घरची बोली कोकणा ही आदिवासी बोली असते, पुस्तकातली मराठी त्याच्या तोंडात अजून बसलेली नसते. रात्री आई आठवल्यामुळे न झोपलेलं मूल परिपाठाला पेंगतं आणि ते आळशी ठरतं. बेशिस्त दिसली की आधी तिचं कारण शोधायचं, हे मला त्या मुलांमुळे पक्कं पटलं आहे.

आता घरचं. मुलगा बाबांशी त्या सुरात बोलत नाही, तुमच्याशीच बोलतो, हे तुमच्या लिहिण्यातूनच दिसतं. त्याला धाक कमी पडतोय, असा त्याचा अर्थ नाही. घरात तुमच्याशी त्या सुरात आणखी कोण बोलतं, ते शांतपणे बघा. "तुला काय कळतंय" हे वाक्य मुलाने कुणाच्या तोंडून ऐकलंय? ते थांबलं नाही तर मुलाचंही थांबणार नाही. इथे बाबांचं काम मोठं आहे: मुलगा तसा बोलला की आवाज न चढवता म्हणायचं, "आईशी असं बोलायचं नाही, आपल्या घरात कुणीच नाही," आणि मग ते स्वतः पाळायचं. सासूबाईंना वादात ओढू नका. त्यांना एवढंच सांगा की मुलाला बोललं जात असताना मध्ये पडू नका, नंतर त्याला जवळ घ्या, लाड करा. आजीच्या मायेने मुलं बिघडत नाहीत. आईचा शब्द आजीने मुलासमोर मोडला की मात्र बिघडतात.

पाळीचं काम हे अंबड-सातपूरच्या कितीतरी घरांतलं दुखणं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाप घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं असतं, सकाळी ते शाळेत निघतं तेव्हा बाप झोपलेला. मग आठवडाभराच्या तक्रारी साठतात आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या कानावर घातल्या जातात. बापाच्या वाट्याला फक्त फौजदारी येते, आणि मूल त्याच्या सुट्टीला घाबरू लागतं. यावर उपाय साधा आहे: बाबा घरी असण्याच्या पहिल्या तासात तक्रार सांगायची नाही, कुणीच नाही. दादा, त्या तासात मुलाबरोबर बाहेर जा, गाडी धुवा, गोदाकाठी चक्कर मारा, काहीही करा. तक्रारीचं बोलणं नंतर, तिघांनी बसून.

नियम थोडे ठेवा, तीनच, आणि प्रत्येक पाळीत तेच. फोनचा नियम करायचा तर तो घरातल्या सगळ्यांसाठी असू द्या: रात्री ठरलेल्या वेळेनंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत. या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि सकाळच्या शाळेमुळे ती आधीच कापली जाते. अर्धवट झोपलेल्या मुलाकडून नम्रपणाची अपेक्षा करणं कठीणच. नियम मोडला तर काय होईल हे आधी ठरवा, त्याला विचारून ठरवा, आणि ते त्या चुकीशी जोडलेलं असू द्या. फोन रात्री वापरला तर दुसऱ्या दिवशी फोन नाही, इतकं सरळ. जेवण बंद, क्रिकेट बंद, आठवडाभर बोलणं बंद, असलं काही नको. अबोला ही मुलांना मारापेक्षा जास्त लागणारी शिक्षा आहे आणि आपल्या घरांत ती फार सहज वापरली जाते.

क्लासच्या सरांचं कौतुक करताना शाळेच्या बाईंना कमी लेखू नका, विशेषतः जेवताना. एवढंच त्याबद्दल.

मुलाचं वागणं अचानक बदललं असेल, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखत असेल, झोप-जेवण तुटलं असेल किंवा जगण्याबद्दल तो काही निराश बोलला असेल, तर ही शिस्तीची बाब राहत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कुणी मुलाला मारत असेल, छळत असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

शाळा बदलण्याबद्दल. आत्ता, वर्षाच्या मध्यात, या एका प्रसंगावरून नको. भांडण अर्धवट ठेवून निघून गेलात तर पुढच्या शाळेतही तो पहिल्या खटक्याला दार शोधेल. भेटीनंतरही टोमणे किंवा बाहेर उभं करणं चालू राहिलं, तर मुख्याध्यापकांना तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर पालक-शिक्षक संघ, किंवा शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, विनाअनुदानित शाळांना मात्र ती बंधनकारक नाही. त्यानंतर शिक्षणाधिकारी. एवढं करूनही फरक पडला नाही तर नववीला शाळा बदलायला माझी काही हरकत नाही. फक्त त्याआधी मुलाला विचारा की त्याला त्या शाळेत राहायचं आहे का. तुम्ही, बाबा, सासूबाई, बाई, सगळ्यांचं म्हणणं तुमच्या प्रश्नात आलं आहे, त्याचं कुठेच नाही. तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका, आणि जे सांगेल ते भेटीच्या आधी सांगेल असं बघा, म्हणजे ते घेऊन तुम्हाला बाईंकडे जाता येईल.